जिना चढताना बोलता येतं का?

डॉ. खलील इनामदार साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीनं माझ्याकडं लेख मागितला, तेव्हा मी त्यांचा शिष्य होतो. लेख लिहायला बसलो तोवर मी त्यांचा पेशंट झालो होतो. आता कोणत्या नात्यानं लिहावं हेच मला उमजत नाही. शिष्यानं गुरूंविषयी कसं लिहायचं याची एक रीत आहे, ती मला माहीत आहे. पाठीशी दोन उशा लावून, अळणी भाजी खाऊन, बायकोचं लक्ष चुकवून लिहिणाऱ्या पेशंटनं कसं लिहायचं, याची रीत मला कुणी सांगितलेली नाही. तेव्हा लेखात थोडा गोंधळ झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. खरं सांगायचं तर साहेबांबरोबर इतकी वर्षं काढूनही त्यांच्या निम्म्या गोष्टी मला कळल्याच नव्हत्या.

पहिली भेट मात्र स्पष्ट आठवते. मी नुकताच डॉक्टर होऊन गावी, ईटला आलो होतो. आमच्या घरची खव्याची भट्टी. वडिलांना वाटायचं, पोरगं डॉक्टर झालं, पण नुसत्या पदवीनं भागत नाही, कुणाच्या तरी हाताखाली शिकलं पाहिजे. आमच्या जवळच्या वाशीत हृदयाचे आजार बघणारे इनामदार डॉक्टर आहेत, माणूस शांत आहे, असं त्यांनी कुठून तरी ऐकलं. मग एके दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते मला सोबत घेऊन निघाले. साहेबांचा दवाखाना तेव्हाही तिथंच होता, जिथं आज आहे. खाली खतांचं दुकान, वर दवाखाना, आणि मध्ये उभा जिना. निम्म्यात एक वळण. मी पुढं आणि वडील मागं, असे बोलत बोलत आम्ही चढायला लागलो. वळणावर आलो न आलो तोच वरून आवाज आला.

“मागं जे मोठे आहेत, त्यांना खाली बसवा. मीच खाली येतो.”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. वरच्या माणसानं आम्हाला पाहिलं नव्हतं. तरी साहेब खरंच खाली आले, अंगानं सडपातळ, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि दुकानातल्या खताच्या पोत्यांच्या मधल्या बाकावर माझ्या वडिलांना बसवून त्यांचा दंड उघडा करू लागले.

वडील चिडले. “अहो, म्या काय पेशंट हाय का? पोराला सोडायला आलोय.”

“व्हय व्हय, पोराला ठेवून घेतो की. तोवर तुमचा हात इकडं द्या.”

वडिलांचं बीपी पार वर होतं. त्यांना काही म्हणजे काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, जेवण भरपूर, झोप गाढ. पुढं तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की हृदय मोठं होऊन थकलेलं आहे. साहेबांच्या गोळ्यांवर वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, भट्टीवर बसले, नातवंडं खेळवली. पण साहेब दर वेळी खाली येऊनच त्यांना तपासत. त्या जिन्यानं वडील कधी वर गेलेच नाहीत. मी त्यांचा मुलगा, शिवाय डॉक्टर, तरी पहिल्या दिवशी साहेबांना ते कसं कळलं हे मला कळायला फार दिवस लागले.

दवाखान्यात येणारी माणसं त्या जिन्याला शिव्या घालत. हृदयाचा डॉक्टर आणि जिना चढून जायचं, ही कुठली तऱ्हा? नवीन असताना मीही धीर करून साहेबांना विचारलं की खालची जागा का घेत नाही. ते म्हणाले, खाली धूळ येते. पुढं एकदा विचारलं तर म्हणाले, वर वारं बरं येतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर नुसते हसले. मग माझ्या ध्यानात आलं की जिन्यावर पावलं वाजली की साहेब हातातलं काम थांबवतात. बोलत असतील तर गप्प होतात. चढणारा माणूस मध्ये थांबला का, बोलता बोलता शब्द तुटले का, वळणावर कठड्याला धरून उभा राहिला का, हे सगळं ते खुर्चीत बसून ऐकत. आत आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जिना चढताना बोलता येतं का? बहुतेकांना हा प्रश्न वेडपटपणाचा वाटे. “बोलायचं कशाला? वर येऊनच बोलतो की,” असं उत्तर यायचं. साहेब मान हलवत आणि कागदावर काहीतरी लिहीत.

ज्यांचा श्वास फारच तुटायचा, त्यांच्यासाठी ते वरून हाक मारायचे: मीच खाली येतो. इतकी वर्षं मी ही हाक ऐकत आलो. ती आली की मी समजायचो, कुणाचं तरी हृदय दमलंय.

साहेबांचं समजावून सांगणं हा एक वेगळाच विषय आहे, आणि त्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख पुरा होणार नाही. आमच्या भागात एक चूक घरोघरी होते. बीपीची गोळी सुरू केली, महिन्यानं मोजलं, बीपी उतरलेलं निघालं, की माणूस गोळी बंद करतो. बब्रुवान नावाचे एक शेतकरी आहेत, वजनदार, तोंडानं फटकळ. त्यांनी तेच केलं आणि वर छाती काढून सांगितलं.

“साहेब, बीपी उतरलं न्हवं? मग गोळी कशाला? ताप उतरल्यावर औषध घेतंय का कोण?”

मी तिथंच होतो. मला राग आला, मी काहीतरी बोलणार होतो. साहेबांनी मला हातानं थांबवलं आणि विचारलं, “बब्रुवान, हिरीवर मोटार किती एचपीची हाय?”

“तीनची.”

“किती रान भिजतंय?”

“दोन एकर.”

“तीच मोटार सहा एकराला लावली, आणि वर व्हॉल्व निम्मा आवळला, तर?”

“जळंल की.”

“लगेच?”

बब्रुवान विचारात पडले. “लगेच न्हाय. चार-दोन मोसम चालंल. गरम होईल, आवाज करंल. मग जळंल.”

“आता ऐका. तुमचं वजन वाढलं, म्हणजे रान वाढलं. हृदयाला तेवढ्या सगळ्या अंगाला रक्त पोचवायचंय. बीपी वाढलं, म्हणजे व्हॉल्व आवळला. जोर लावून लावून हृदयाची भिंत जाड होती. दंड जाड झाला तर पैलवान म्हणतेत, पण हृदयाची भिंत जाड झाली की आतली खोली लहान होती, आणि पुढं ती ढिली पडती. गोळीनं आम्ही व्हॉल्व उघडा ठेवलाय. तुम्ही म्हणताय, पाणी नीट चाललंय तर व्हॉल्व परत आवळू. आवळा. मोटार जळली तर तुम्ही वायंडिंग करून आणता. हिचं वायंडिंग करणारा वाशीत न्हाय, मुंबईत बी न्हाय.”

बब्रुवान गोळी घेऊन गेले, आणि त्यानंतर कधी बंद केली नाही. मला मात्र तेव्हा एक प्रश्न पडला होता, की सगळं शिक्षण घेऊन मी जे पुस्तकात वाचलं, ते विहिरीवरच्या मोटारीत होतं तर मला आधी का दिसलं नाही. विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, “तुमच्या घरी मोटार नव्हती, भट्टी होती.” या उत्तराचा अर्थ मी अजून शोधतोय.

वजनाची गोष्ट त्याहून अवघड. आपल्याकडं बारीक झालेल्या माणसाला कुणी शाबासकी देत नाही. “वाळलात की हो, काही दुखणं आहे का?” असं विचारतात, आणि त्याच्या बायकोकडं संशयानं बघतात. पोट सुटलं की माणूस अंगानं भरला, घर खाऊन-पिऊन सुखी आहे, असा हिशेब. साहेबांनी दवाखान्यात वजनकाटा ठेवलाच नाही. पेशंटला ते खालच्या दुकानात पाठवत, खताची पोती मोजायच्या काट्यावर. मला हे अपमानाचं वाटायचं. पण लोक हसत हसत काट्यावर चढायचे, एकमेकांची थट्टा करायचे, “अण्णा, एक गोणी युरिया जास्त भरलाय बघा तुमच्यात,” असं म्हणत आकडा आपणहून वर येऊन सांगायचे. साहेब “वजन कमी करा” असं कुणालाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वेळी परत खाली जाऊन या, एवढंच म्हणत.

साहेबांच्या मायेविषयी सांगायचं तर माझ्या आईची गोष्ट सांगतो. आईलाही बीपी होतं. नवरात्र आलं की ती गोळी बंद करायची. उपासाला गोळी चालत नाही, असं तिनं आणि गल्लीतल्या बायांनी मिळून ठरवलं होतं. साबुदाणा, शेंगदाणे, तूप चालायचं. गोळी चालायची नाही. मी मुलगा, डॉक्टर, तरी माझं काही ऐकायची नाही. एका घटस्थापनेच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः ईटला आले. आमच्या ओसरीवर बसून आईला म्हणाले, “आई, म्याबी रमजानचे रोजे धरतो. मलाबी गोळी हाय. पहाटं सहेरीला गोळी घेतो आणि मग रोजा धरतो. तुमी देवीची पूजा करा, गोळी घ्या, आणि मग उपास धरा.”

आईनं विचारलं, “तुमच्यात चालतंय?”

“चालतंय.”

“मग आमच्यात बी चालंल,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं अख्ख्या गल्लीला सांगितलं की डाक्टरसाबांनी देवीला विचारून परवानगी आणलीय. त्या नवरात्रात आमच्या गल्लीत एकीनंही गोळी चुकवली नाही. साहेबांनाही रोज गोळी लागते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांच्याबरोबर इतका राहूनही मला ते माहीत नव्हतं, आणि आईला त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

साहेबांच्या एका वागण्यानं मात्र मी वर्षानुवर्षं मनातून दुखावलेला होतो, आणि गौरवग्रंथात हे लिहावं की नाही यावर मी बराच घोळ घातला. दर ईदला मी सहकुटुंब साहेबांच्या घरी जातो. भाभी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, शीरखुर्मा आणतात. माझ्या पत्नीला, सुनंदाला, मोठा वाडगा. माझ्या मुलींना मोठा वाडगा. आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मोठा वाडगा. मला एक छोटी वाटी. अगदी चटणीला ठेवतात तेवढी. दर वर्षी. दुसरी वाटी मागायला गेलो तर भाभी हसून विषय बदलत. मी घरी येऊन सुनंदाला म्हणायचो, “माझं काही चुकलंय का? साहेबांच्या मनात माझ्याविषयी काही आहे का?” ती म्हणायची, “स्वतःलाच विचारा.” मी पोटावरून हात फिरवत विचार करायचो आणि मला काही सुचायचं नाही.

आता या वर्षाकडं येतो. साहेबांची पंच्याहत्तरी करायची असं वाशीकरांनी ठरवलं. समितीचे अध्यक्ष दत्तूअण्णा. त्यांची खव्याची मोठी भट्टी आहे, आणि तेही साहेबांचेच जुने पेशंट. अण्णांनी बैठकीत जाहीर केलं, “साहेबांची पेढेतुला करायची. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात आपल्या खव्याचे पेढे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हबकलो. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचं तूप आणि साखर कमी केली, त्यांची तुला पेढ्यांनी? साहेब नकार देतील, या भरवशावर मी गप्प बसलो. साहेबांनी होकार दिला.

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं असेल. म्हणून समजूत घालायला मी अण्णांना घेऊन दवाखान्यात निघालो. त्या दिवसांत माझी तब्येत जराशी बिघडलेली होती. आडवं झालं की छातीत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून उशा वाढल्या होत्या. ते मी ॲसिडिटीवर ढकललं होतं. संध्याकाळी पायावर मोज्यांचे वळ उठायचे. ते मी मोज्यांवर ढकललं होतं. माझं स्वतःचं बीपी मी नेहमी निवांत बसून, पाणी पिऊन, दोनदा मोजून त्यातलं कमी असेल ते धरायचो. माझ्या पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला चांगलंच झापलं असतं.

जिन्यानं मी पुढं, अण्णा मागं. मी त्यांना तावातावानं सांगत होतो, “अण्णा, तुम्हीच जरा विचार करा, लोक काय म्हणतील, हृदयाच्या डॉक्टरला पेढ्यात…” आणि वळणावर शब्द संपले. वाक्य डोक्यात होतं, पण तोंडातून निघायला हवाच नव्हती. मी कठड्याला धरून उभा राहिलो. अण्णा मागून म्हणाले, “काय झालं?” तेवढ्यात वरून आवाज आला.

“वर येऊ नका. मीच खाली येतो.”

ती हाक माझ्यासाठी आहे हे कळायला मला वेळ लागला. मी मागं अण्णांकडं पाहिलं, त्यांनाच असेल म्हणून. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. साहेब पंच्याहत्तरीचे, एका हातानं कठडा धरून सावकाश खाली आले. दुकानातल्या त्याच बाकावर, पोत्यांच्या मध्ये, जिथं माझ्या वडिलांना बसवलं होतं, तिथं त्यांनी मला बसवलं आणि माझा दंड उघडा केला. मला भीती वाटली. जन्मात इतकी वाटली नव्हती. वडील या बाकावरून उठले आणि कधी वर गेले नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

सोलापूरला इको झाला. हृदयाची भिंत जाड झाली होती आणि जोर कमी पडू लागला होता. पेशंटला मी जे समजावून सांगतो ते सगळं कागदावर लिहिलेलं होतं, आणि मी ते तीन वेळा वाचूनही मला अर्थ लागत नव्हता. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. “तुमच्या वडिलांचं कळायला उशीर झाला होता. तुमचं बरंच काही हातात आहे,” ते म्हणाले. “गोळ्या, मीठ बंद, वजन. आणि महिन्यानं जिना. आधी वळणापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी साहेब आणि भाभी घरी आले. भाभींनी डबा आणला होता. बिनमिठाची भाजी, आणि वर लिंबू. मी विचारलंच, “भाभी, मला दर ईदला छोटी वाटी का द्यायच्या?”

भाभींनी साहेबांकडं बोट दाखवलं. “मी कोण देणारी? वाटी तेच काढून ठेवायचे. म्हणायचे, विलासला ही. मी म्हटलं, वाईट वाटेल त्याला. तर म्हणाले, वाटू दे, माझ्याआधी जाण्यापेक्षा बरं.”

साहेब खिडकीबाहेर बघत होते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. इतकी वर्षं मी राग समजत होतो ती काळजी होती. तोंडानं एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी सुनंदाला नंतर म्हणालो. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?”

मग मी साहेबांना तुलेचं विचारलं. भांडायला निघालो होतो ते भांडण राहूनच गेलं होतं. साहेब म्हणाले, “खवा करणारी माणसं आपलीच. त्यांच्या हातच्या पेढ्याला मी नाही कसं म्हणू? तुला होऊ दे. पण मी अट घातलीय. प्रत्येकाला एकच पेढा. दुसरा पाहिजे त्यानं माझा जिना चढून वर यावं. मी वर बसलेला असेन.”

आता हे गमतीत म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. दत्तूअण्णांना विचारलं, त्यांनाही कळलेलं नाही. खालच्या दुकानदारानं मात्र जिन्याला नवीन रंग दिलाय आणि कठडा घट्ट करून घेतलाय, म्हणजे खरंच असावं.

हा लेख लिहिता लिहिता महिना सरत आला आहे. पायावरचे वळ कमी झालेत. एक उशी काढून टाकलीय. काल सुनंदाला घेऊन दवाखान्यात गेलो आणि बोलत बोलत वळणापर्यंत चढलो. वरून काही आवाज आला नाही, म्हणजे साहेब ऐकत होते.

अशा लेखाच्या शेवटी गौरवमूर्तींना दीर्घायुष्य चिंतायचं असतं. मला एवढंच माहीत आहे की हे शब्द लिहिताना आजवर कधी इतका स्वार्थ माझ्या मनात नव्हता. साहेब, तुमची तब्येत ठणठणीत राहो, तुमची गोळी रोज चालू राहो, तुमचे कान असेच तिखट राहोत. तुमच्या सत्काराच्या दिवशी खाली तुला होईल, मी माझ्या वाटणीचा एक पेढा बब्रुवानांना देईन, आणि जिन्याकडं वळेन. चढताना मी बोलत असेन. काय बोलेन ते ठरवलेलं नाही, बहुधा तुमच्याविषयीच बोलेन. वळणावर माझा आवाज थांबला, तर साहेब, एवढं करा. खाली येऊ नका. जरा दम खातो, आणि मीच वर येतो.